रिलेच्या बातमीत चौघांचीही नावं छापा की!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात आंतरशालेय रिलेचा निकाल आला, त्यात शेवटी पळालेल्या मुलीचा फोटो, नाव, शाळा सगळं आहे आणि बाकीच्या तिघी नुसत्या "संघातील सहकारी". अहो, रिले चौघी पळतात ना? आमच्या दांडिया बाजारात फोटोतल्या मुलीच्या घरी पेढे वाटून झाले, पहिला टप्पा पळालेली पोरगी त्याच गल्लीतली, तिच्याकडे कोणी फिरकलंही नाही.

ही खोड तशी जुनीच. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवर रिले पहिल्यांदा ठेवली, पण आतासारखी नाही, पहिले दोघं २००-२०० मीटर, तिसरा ४०० आणि चौथा थेट ८००! हंगेरीकडून पाल शिमोन, मग फ्रिद्येश वीझनर, मग योझेफ नॉद्य आणि शेवटी ओडोन बोडोर. ब्राँझ मिळालं. पण त्या रेसबद्दल वाचायला जा, चर्चा कसली तर जर्मनीच्या हान्स ब्राउनने शेवटी शेवटी बोडोरला गाठलं आणि सिल्व्हर गेलं. त्याच ब्राउनने त्याच आठवड्यात ८०० मीटरच्या फायनलमध्येही बोडोरला थोडक्यात मागे टाकलेलं, तो तिसरा आणि हा चौथा, म्हणजे गोष्ट रंगतदार आहेच, नाही कोण म्हणतंय. पण सिल्व्हरसाठी झुंजता येईल अशा ठिकाणी बोडोरला आणून कोणी ठेवलं? स्प्रिंटर वीझनरचं काम पाव मिनिटाच्या वर आणि अर्ध्या मिनिटाच्या आत संपलं, १०० किंवा २०० च्या फायनलला तो पोचला नव्हता, मेडल मिळालं ते या एका टप्प्याचं. त्यात काही याद्यांत तो वीझनर, काहींत मेझेई, म्हणजे शोधणाऱ्याची अजून पंचाईत.

अपवाद म्हणजे जिंकलेल्या अमेरिकेचा जॉन टेलर, तो तिसरा पळाला तरी लक्षात राहिला, कारण ऑलिम्पिक गोल्ड मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन. बिचारा त्याच डिसेंबरात टायफॉइडने गेला.

तर विनंती एवढीच की रिलेचा निकाल छापताना चारही नावं द्या, पळाल्या त्या क्रमाने, फोटो लहान केला तरी चालेल. नावं शाळेच्या एंट्री फॉर्मवर असतातच, रिपोर्टरने तिथल्या तिथे सरांकडून मागून घ्यायची.

आपला,
एक जुना वाचक, बडोदा