कामगारालाही तक्रारीचा हक्क द्या

प्रति,
मा. केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्री,
नवी दिल्ली

महोदया, सविनय नमस्कार.

मी बुटीबोरी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. कंपनी कायदा, 2013 चं कलम 166 मी युनियनच्या वकिलांनी दिलेल्या झेरॉक्सवर वाचलं. संचालकाने कंपनीसोबत तिचे कर्मचारी, भागधारक, समाज आणि पर्यावरण यांचंही हित पाहावं, वाजवी काळजी घेऊन, कौशल्याने आणि तत्परतेने काम करावं, निर्णय स्वतःच्या बुद्धीने घ्यावा, असं त्यात आहे. मोडल्यास 1 ते 5 लाख रुपये दंड. संसदेने कर्मचाऱ्याचं नाव तिथे घातलं, याचं मला खरंच मोल वाटतं.

पुढे कलम 439 वाचलं आणि हिरमोड झाला. या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय घेणार ती कंपन्यांचे सरकारी निबंधक (रजिस्ट्रार), भागधारक किंवा सभासद, नाहीतर केंद्राने अधिकार दिलेली व्यक्ती, यांच्या लेखी तक्रारीवरच. कलम 245 चा सामूहिक दावाही सभासद आणि ठेवीदारांसाठी. ज्याचं हित जपायला सांगितलं, त्याला ते जपलं नाही म्हणून न्यायालयात जाता येत नाही.

मी आधी जिथे होतो, तिथे आगीचा पंप बंद पडला होता. आम्ही लेखी कळवलं. बजेट नाही, असं उत्तर आलं. त्याच वेळी साहेबांच्या केबिनचं नूतनीकरण सुरू होतं. आमचा कागद संचालक मंडळापुढे गेला का? गेला असेल तर काय ठरलं? काळजी घेतली की नाही, हे मंडळाच्या इतिवृत्तातून कळू शकतं, आणि ते मागायचा हक्क आम्हाला नाही.

17 डिसेंबर 2023 ला नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात 9 कामगार गेले, त्यात 6 बाया होत्या. तिथे दोष कुणाचा, हे मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण तेव्हापासून माणूस पाळीवरून परत येईपर्यंत आमच्याकडे घरच्यांचा जीव थाऱ्यावर नसतो.

कारखाना निरीक्षक आहेत, कामगार न्यायालय आहे, असं कुणी म्हणेल. आहेत, आणि त्यांची गरजही आहे. पण मंडळाने सुरक्षेचा पैसा दुसरीकडे का वळवला, हे तिथे क्वचितच विचारलं जातं. खोट्या तक्रारींची भीती असेल तर प्रामाणिकपणे आणि वाजवीपणे वागलेल्या संचालकाला न्यायालय कलम 463 खाली आजही मोकळं करू शकतं.

म्हणून मागणी एवढीच: कलम 439 मध्ये नोंदणीकृत कामगार संघटनेला, आणि संघटना नसेल तिथे ठरावीक संख्येच्या कर्मचाऱ्यांना, कलम 166 च्या भंगाबद्दल तक्रारीचा हक्क द्या. सुरक्षेबाबतची लेखी सूचना मंडळापुढे ठेवणं आणि त्यावरचा ठराव कामगारांना कळवणं सक्तीचं करा. दुरुस्तीचा मसुदा निघाल्यावर तो मराठीतही द्या. आम्ही हरकती-सूचना मुदतीत पाठवू.

आपला,
बुटीबोरीतील एक कामगार
नागपूर