व्हाळाची पाहणी पावसात करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सकाळच्या चहाबरोबर जाहीर नोटिसांचे पान वाचायची मला अलीकडे खोड लागली आहे. गोव्याच्या नगर व ग्राम नियोजन कायद्यातल्या झोनबदलाच्या कलम ३९अ खाली अमुक गावचा अमुक सर्व्हे नंबर, इतके हजार चौरस मीटर, बागायतीतून सेटलमेंटमध्ये, म्हणजे बांधकामाच्या झोनमध्ये. हरकती तीस दिवसांत. गेल्या पंधरवड्यात त्यात आमच्या वाड्यामागचा नंबर दिसला. उतारा काढून खात्री करावी लागली, कारण त्या जागेला आम्ही नंबराने कधी ओळखलेच नाही. आमच्यासाठी ती व्हाळाकडची, म्हणजे ओढ्याकडची, उतरण.

हा व्हाळ पेडण्याच्या सड्यावरून येतो. जांभ्या दगडाचा सडा पावसाचे पाणी पितो आणि कडेच्या झरींतून ते पुढे कितीतरी महिने सोडत राहतो. चतुर्थीला व्हाळ खळाळत असतो, दिवाळीनंतर बारीक होतो आणि शिगम्यानंतर (होळीनंतर) नुसते गोटे नि दोन-तीन कोंडी, म्हणजे डोह, उरतात. वाटेत तो कुळागराला (पोफळीच्या बागेला) पाणी देतो, मग खाजनातल्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीतल्या, पोयीला (पाणी साठणाऱ्या खोलगट भागाला) मिळतो आणि मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांतून, शापोरा नदीत जातो. जूनच्या पहिल्या सरींनी पाणी गढुळले की खालच्या शेतांतून आणि कोंडींतून मासा याच वाटेने वर चढतो. मळये, खवळे, थिगूर. लहानपणी आम्ही कंदील घेऊन जायचो. आता त्याची थोडी लाज वाटते, कारण उचलत होतो तो पोटात गाभोळी असलेलाच मासा.

तीन वर्षांपूर्वी सड्याच्या कडेला प्लॉटिंगसाठी डोंगर कापला. रस्ता व्हाळावरून न्यायचा म्हणून सिमेंटचे ह्यूम पाइप टाकले. बसवणाऱ्याने पाणी जाते की नाही एवढे पाहिले. दोन पावसाळ्यांत पडत्या पाण्याने खालची माती खरवडून नेली आणि पाइपाचे तोंड गुडघाभर उंचीवर लोंबकळत राहिले. पाणी खाली येते, मासा वर जाऊ शकत नाही. गेल्या जूनमध्ये त्या तोंडाखाली थिगूर अडकून पडले होते आणि पोरे ते बादल्यांनी भरत होती. कापलेल्या डोंगराची तांबडी माती गोट्यांच्या फटींत जाऊन बसली आहे. कित्येक माशांची अंडी त्याच फटींत असतात. वर गाळाचा थर बसला की ती गुदमरतात.

म्हणून नव्या नोटिशीची फाइल बघायला संबंधित कार्यालयात गेलो. नकाशे होते, एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा होता, रस्त्याची रुंदी होती. स्थळपाहणी एप्रिलात झालेली, आणि जागेत प्रवाह आढळला नाही अशी एक ओळ. एप्रिलात तो मलाही आढळत नाही. तिथल्या तरुण कर्मचाऱ्याला विचारले, मत्स्योद्योग खात्याचे मत घेतले आहे का? पोरगा चांगला होता, हसला नाही. म्हणाला, "काका, ही जमिनीची फाइल."

त्याच्यासाठी हे लिहितो. शेवटो हा गोव्याचा राज्य मासा. तो अंडी समुद्रात घालतो, पण त्याची बारीक पिल्ले नदीमुखातून आत शिरतात आणि खाडीच्या उथळ, निमखाऱ्या पाण्यात वाढतात. चोणकाची पिल्लेही तशीच आत येतात. ते पाणी निमखारे राहते कारण वरून व्हाळाचे गोडे पाणी येत असते. आमच्या मानशीची लाकडी दारे भरतीला आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. तिथल्या मासळीची पावणी (लिलाव) होते आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी. आता वरून गाळ आला, पोय उथळ झाली, मासळी घटली, की पावणीला कोणी उभा राहत नाही. मग बांधाला माती कोण घालणार? बांधाला भगदाड पडले की खारे पाणी शेतात येते, आणि खाऱ्याला दाद न देणारे कोरगुट भातही दिवसेंदिवस समुद्राच्या पाण्यात उभे राहू शकत नाही. चार वर्षांनी तीच जमीन पडीक म्हणून पुढच्या नोटिशीत.

कायदा नाही असे नाही. डोंगर कापायला आणि सखल जमीन भरायला परवानगी लागते, ते कलम १७अ आहे. २०११ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांची वेगळी दखल आहे. पर्यावरण परवाना मात्र बांधकाम २०,००० चौरस मीटरला पोचल्यावरच लागतो. आमच्या वाड्यामागचा तुकडा त्याच्या पासंगालाही पुरत नाही. असे सहा तुकडे एकाच व्हाळावर बसले तरी फायली सहा, आणि सहाही निर्दोष. त्यात झोन बदलायची कलमेच बदलत राहतात: २०१८ ला १६ब, २०२३ ला १७(२), २०२४ ला ३९अ. यातले १७(२) प्रादेशिक आराखड्यात अनवधानाने झालेल्या चुका सुधारायला होते. त्याचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले, हे बरेच झाले. नाहीतर आमचा व्हाळही कोणाच्या तरी अनवधानाने नकाशात शिरला, असे ऐकायची वेळ आली असती.

माझा भाचा कॅनडात ब्रिटिश कोलंबियात असतो. त्याच्या भागात ओढ्यापासून ३० मीटरच्या आत काही बांधायचे तर आधी माशांच्या दृष्टीने तपासणी करून घ्यावी लागते, आणि मासा नसलेला ओढाही मासेवाल्या ओढ्याला मिळत असेल तर तो धरला जातो. ऐकून हेवा वाटला. पण तिथेही तपासणी करणारा तज्ज्ञ घर बांधणाराच नेमतो आणि त्याचे पैसेही तोच देतो. त्यावर नीट देखरेख नाही म्हणून तिथल्या लोकपालांनी २०१४ मध्ये सरकारचे कान उपटले होते. आपल्याकडे ही पद्धत आणायची तर ही खोट सोडून आणावी. अहवाल लिहिणारा बिल्डरच्या पैशावरचा नको, खात्याचा हवा.

बाकी मागणे साधे आहे. ज्या नंबरातून किंवा ज्याच्या कडेने व्हाळ जातो त्याची पाहणी जून ते सप्टेंबरमध्ये करावी, आणि अधिकाऱ्याने गेटपाशी न थांबता व्हाळाबरोबर खाली मानशीपर्यंत चालत जावे. मत्स्योद्योग खात्याचे लेखी मत फायलीत असल्याशिवाय ती पुढे सरकू नये. व्हाळावर पूल घालायचाच तर त्याखालच्या मोरीचा, म्हणजे पाणी जाण्याच्या वाटेचा, तळ व्हाळाच्या तळाखाली राहील असा घालावा. खर्च थोडा वाढेल, प्लॉटच्या भावांपुढे तो किरकोळ आहे. गावोगावच्या जैवविविधता समित्यांकडे नोंदवह्या आहेत. आमच्या ग्रामसभेत पुढच्या वेळी मी एवढेच मांडणार आहे की व्हाळ कुठून कुठे जातो आणि त्यात कोणता मासा कधी चढतो ते त्यात लिहून घ्या. सांगणारी म्हातारी माणसे अजून चार-पाच आहेत.

माझी हरकत दिली आहे, पोचपावती जपून ठेवली आहे. मुदत महिनाअखेरीस संपते, पाऊस त्यानंतर. संबंधित साहेबांना या पत्रातून आमंत्रण देतो: निर्णय जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत थांबवा आणि एका संध्याकाळी या. कंदील माझ्याकडे आहे. येताना चप्पल घालून या, बूट भिजतील.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, पेडणे