घर बघताना आधी ऊन बघ

अल्मोडा

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

इथे उत्तराखंडात भाड्याने राहायला यायचं म्हणून तू पाठवलेले घराचे फोटो पाहिले. गच्चीसमोर त्रिशूळ आणि नंदादेवी, खाली देवदार, भाडंही परवडणारं. तरीही अजून आगाऊ रक्कम देऊ नकोस. ही शिखरं अल्मोड्याच्या उत्तरेला आहेत. ज्या घराच्या सगळ्या मोठ्या खिडक्या शिखरांकडे उघडतात ते बहुधा डोंगराच्या उत्तर उतारावर असतं, आणि डिसेंबर-जानेवारीत तिथे ऊन पोचतच नाही किंवा तासाभरात निघून जातं. जुनी गावं बघ. ती बहुतेक दक्षिणेकडच्या उतारावर, शिखरांकडे पाठ करून वसलेली आहेत. थंडीत इथली सगळी कामं उन्हात बसून होतात: धान्य निवडणं, लोकर विणणं, म्हाताऱ्यांचं अंग शेकणं. काकूंच्या गुडघ्यांसाठी हे ऊन कुठल्याही हीटरपेक्षा मोलाचं आहे.

घराला हिवाळ्यात ऊन मिळेल की नाही हे कुठल्याही महिन्यात तपासता येतं. अंगणात उभा राहा, हात सरळ पुढे करून मूठ मिट आणि अंगठा वर ठेव. डोळ्यांच्या सरळ पातळीपासून एकावर एक मुठी मोजत जा. एक मूठ म्हणजे साधारण 10 अंश. 21 डिसेंबरला इथला सूर्य दुपारी दक्षिणेला जेमतेम 37 अंशांवर येतो, म्हणजे साडेतीन मुठींच्या थोडा वर. पुण्यात तो त्या दिवशी 48 अंशांवर असतो. इथे सकाळी नवाच्या सुमारास तो आग्नेयेला आणि दुपारी तीनच्या सुमारास नैर्ऋत्येला दोनच मुठींवर असतो. या तीन दिशांना समोरचा डोंगर, झाडं किंवा शेजारची इमारत त्याहून उंच असेल, तर तेवढा वेळ ऊन गेलं असं समज. दिशा कंपासने बघ, घरमालकाच्या बोलण्यावर जाऊ नकोस. शिखरं पाहायला वाटेवर चार पावलं चालून जाता येतं, ऊन मात्र घरात आणता येत नाही.

दुसरी गोष्ट पाणी. शहराला पाणी खालच्या कोसी नदीतून उपसून येतं. उन्हाळ्यात नदी आटते, आणि पावसाळ्यात गाळ आला की पंप थांबतात. त्यामुळे घर बघायला गेलास की मालकाला विचारण्याआधी शेजारणीला विचार, मे-जूनमध्ये पाणी किती दिवसांआड येतं आणि किती वेळ. तुम्ही तिघं काटकसरीने राहिलात तरी रोज 300 लिटर लागतील. हजार लिटरच्या दोन टाक्या असल्या तर सहा दिवस निघतात. एकच असेल तर दुसरी बसवून द्यायची अट भाडेकरारात घालून घे. छतावरचं पाणीही धर. हजार चौरस फुटांच्या पत्र्यावर 10 मिलिमीटर पाऊस पडला की गळती वजा जाऊन 700 लिटरच्या वर पाणी मिळतं. पहिल्या सरीचं पाणी सोडून द्यायचं, त्यात धूळ आणि चिडाची, म्हणजे पाइनची, पानं असतात. इथले नळाचे पाइप बहुतेक जमिनीवरून, पायऱ्यांच्या कडेने उघडे जातात. सावलीतल्या तुकड्यात रात्री पाणी गोठतं आणि जोडावर पाइप फुटतो. तेवढ्या भागाला फोमची नळी गुंडाळ. सौर बंब घ्यायचा असेल तर काचेच्या निर्वात नळ्यांचा घे. सपाट पॅनेलमधल्या तांब्याच्या नळ्या गोठून चिरतात.

आता भिंतीकडे ये. उतारावर घर बांधताना मागचा डोंगर कापतात आणि ती माती पुढे टाकून जागा सपाट करतात. मागच्या बाजूला कापलेला डोंगर घराच्या भिंतीला चिकटलेला असेल, मध्ये माणूस जाईल एवढी फट आणि तळाशी नाली नसेल, तर पावसाळाभर त्या खोलीत बुरशी येणार. रंग लावून ती जात नाही, कारण पाणी मागून येतं. पुढची बाजू भरावावर असेल तर ती हळूहळू खचते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा गेल्या असतील तर ते घर सोड. संरक्षक भिंतीत पाणी बाहेर पडायला भोकं आहेत का आणि ती मोकळी आहेत का तेही बघ. मागे पाणी तुंबलं की भिंत फुगते, मग कोसळते.

महाबळेश्वरचा पाऊस पाहिलेल्या आपल्याला इथला पाऊस किरकोळ वाटतो, वर्षाचा आकडा त्याच्या पाव हिश्शाइतकाही नाही. पण हा डोंगर ठिसूळ आहे, शिवाय भूकंपाच्या पट्ट्यातला. आणि दसरा झाला म्हणजे पाऊस संपला असं धरू नकोस. 18-19 ऑक्टोबर 2021 ला, ऐन कोजागिरीच्या सुमारास, जवळच्या मुक्तेश्वरला 24 तासांत 340.8 मिलिमीटर पाऊस झाला. तिथे 1897 पासून नोंदी आहेत, त्यातला तो उच्चांक. म्हणून नाल्याच्या तोंडाशी, कोरडा दिसला तरी, घर घ्यायचं नाही.

ऊब कशी करायची ते नीट वाच, यात जीव जातात. इथे सगड म्हणजे निखाऱ्यांची शेगडी वापरतात. ती अंगणात किंवा उघड्या दाराशी ठेवायची. बंद खोलीत ती घेऊन झोपलं की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि झोपेतला माणूस उठत नाही. दर हिवाळ्यात पहाडात अशी कुटुंबं दगावतात. बाथरूममधल्या गॅस गीझरचंही तेच. तो बाहेरच्या भिंतीवर लाव, नाहीतर विजेचा घे. विजेवरचा, तेल भरलेला हीटर आणायचा तर आधी वीजबिलावरचा मंजूर भार बघ. 2000 वॅटचा हीटर जवळपास 9 अँपिअर खेचतो. त्याला 16 अँपिअरचाच सॉकेट हवा, आणि हीटर व गीझर एकदम चालवायचे तर चार किलोवॅट झाले. पुष्कळ जुन्या घरांत मंजूर भार एक-दोन किलोवॅटच असतो. तो वाढवायचा अर्ज थंडीच्या आधी कर.

15 फेब्रुवारी ते 15 जून हा इथला वणव्यांचा काळ. चिडाची वाळकी पानं, इथे पिरूल म्हणतात, काडी पडताच पेटतात. घराभोवती दहा मीटरपर्यंत ती साचू देऊ नकोस. तुमचा मोती संध्याकाळनंतर घरातच हवा. बिबटे कुत्र्यांसाठी वस्तीत येतात.

वहिनींना सांग, स्वयंपाकाची काळजी नको. नाचणी इथे मडुवा नावाने मिळते, कुळीथ गहत नावाने, दोन्ही उत्तम. कोकम, गोडा मसाला आणि सुकं खोबरं तेवढं बरोबर आणा. 1,600 मीटरवर पाणी 95 अंशांनाच उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. राजमा रात्रभर भिजवून कुकरला लावायचा आणि दोन-तीन शिट्ट्या जास्त द्यायच्या. थंडीत इडलीचं पीठ दीड दिवस झाला तरी फुगत नाही. भांडं कांबळ्यात गुंडाळून उन्हात ठेवायचं, रात्री चुलीजवळ.

जागा विकत घ्यायचा विचार तूर्त बाजूला ठेव. एक पावसाळा आणि एक हिवाळा भाड्याने राहा. उत्तराखंडाच्या जमीन कायद्यातल्या 2025 च्या दुरुस्तीनंतर हरिद्वार आणि उधमसिंह नगर सोडून बाकी 11 जिल्ह्यांत परराज्यातल्या माणसाला शेतीची किंवा बागायतीची जमीन घेता येत नाही. पालिका हद्दीबाहेर राहण्यासाठी 250 चौरस मीटरपर्यंत, तीही कुटुंबाला एकदाच. पुढे कधी व्यवहार केलास तर खतौनीत, म्हणजे इथल्या सातबाऱ्यात, किती नावं आहेत ते आधी मोज. इथे गोल खाता फार आढळतो: आजोबांच्या नावची जमीन वाटणी न होता वीस-पंचवीस वारसांत पडलेली असते, त्यातले निम्मे दिल्लीला. एकाने सही करून दिली म्हणजे जमीन तुझी होत नाही.

काकूंच्या औषधांचं पाहायला गावात जिल्हा रुग्णालय आणि सरकारी मेडिकल कॉलेज आहे, पण हृदयाचं काही निघालं तर पायथ्याची हल्द्वानी गाठावी लागते. रस्ता चांगला असेल तेव्हा तीन तास. वाटेवरच्या क्वारबला डोंगर खचून तो बंद होतो, मग राणीखेतवरून किंवा शहरफाटक-लमगडा मार्गे वळसा पडतो. काकूंना घेऊन पावसाळ्यात यायचंच नाही. ऑक्टोबर संपता संपता निघा, दिल्लीहून रात्रीची राणीखेत एक्सप्रेस सकाळी काठगोदामला सोडते.

सामानाचा मोठा ट्रक हल्द्वानीपर्यंतच ठरव, तिथून दोन पिकअप कर. जे सुटं होत नाही ते लाकडी कपाट आणू नकोस. गाडी थांबते तिथून घर वर असतं किंवा खाली, आणि सामान पाठीवर जातं. हमाली नगावर आणि पायऱ्यांवर ठरते, सामान उतरवायच्या आधी बोलून घ्यायची. तुझ्या त्या घराला रस्त्यापासून किती पायऱ्या आहेत आणि त्या वर जातात की खाली, हे मालकाला विचारून कळव. फ्रिज आणि काकूंचा पलंग नेण्याचा भाव मी इथल्या माणसांकडून काढून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, काकूंना साष्टांग.

तुझा,
विनायक