आइस्तेदवोद: झगे नवे, खुर्ची जुनी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वेल्सच्या आइस्तेदवोद या कविता-संगीताच्या महोत्सवाबद्दल मराठीत काही छापून आले की पांढऱ्या झग्यांतल्या ‘ड्रुइडां’चे (प्राचीन केल्टिक पुरोहितांचे) छायाचित्र आणि खाली ‘दोन हजार वर्षांची परंपरा’ ही ओळ हमखास असते. आपल्या पुरवणीतही तसेच झाले. ही ओळ चुकीची तर आहेच, शिवाय जे खरोखर जुने आहे ते तिच्यामुळे झाकले जाते.

गोर्सेद हे झगेधारी कविमंडळ योलो मोर्गानुग या ग्लॅमॉर्गनच्या पाथरवटाने उभे केले. 21 जून 1792 रोजी लंडनच्या प्रिमरोज हिलवर खड्यांचे रिंगण मांडून त्याने पहिला विधी केला. हा विधी पुरातन असल्याचा पुरावा म्हणून दाखवलेले बरेचसे ‘प्राचीन’ लेखन त्याचे स्वतःचेच होते, हे पुढे वेल्श संशोधकांनीच उघड केले. गोर्सेद आइस्तेदवोदला जोडली गेली ती 1819 मध्ये, कार्मार्थेनला. झगे आणखी नंतरचे. ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चित्रकार ह्युबर्ट फॉन हेर्कोमर यांनी आखले.

बक्षिसाची खुर्ची मात्र जुनी. 1176 च्या नाताळात कार्डिगनच्या किल्ल्यात रीस आप ग्रिफिद या वेल्श राजाने कवींची आणि वादकांची स्पर्धा भरवली. वर्षभर आधी इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडपर्यंत दवंडी गेली होती. दोन्ही विजेत्यांना खुर्ची मिळाली. आजही ऑगस्टमधल्या महोत्सवात मुक्त रचनेला मुकुट आणि छंदोबद्ध रचनेला खुर्ची दिली जाते. या छंदांचे 24 प्रकार पंधराव्या शतकात निश्चित झाले.

खुर्चीसाठी ‘कंगहानेद’, म्हणजे ओळीच्या आतच ध्वनींची ठरावीक जुळणी, साधावे लागते. आपला अनुप्रास वर्ण पुन्हा आला की भागतो, इथे त्यांचा क्रमही पाळावा लागतो. ‘तेग एद्रिख / तीअग आद्रेव’ (घराकडे दृष्टी लावणे किती गोड) ही सात अक्षरांची ओळ घ्या. पहिल्या तुकड्यात त-ग-द-र, दुसऱ्यातही त-ग-द-र, त्याच क्रमाने, आणि ‘द-र’ ही जोडी दोन्हीकडे आघाताच्या (उच्चारात जोर येणाऱ्या) स्वराला लागूनच. स्वर बदलतात, व्यंजने हलत नाहीत. नवख्याची चूक बहुधा आघातापाशी होते. व्यंजने सगळी जुळतात, पण आघात एका अक्षराने सरकतो आणि ओळ बाद ठरते. दुसरी चूक अतिउत्साहाची: दोन्ही तुकड्यांचे यमकही जुळवले, तर तोही दोषच. हा कंगहानेदचा एक प्रकार झाला. असे चार मुख्य प्रकार आहेत आणि खुर्चीच्या काव्याची प्रत्येक ओळ यांपैकी एकात बसावी लागते. वृत्तात लिहिणाऱ्या मराठी कवींनी हा नियम एकदा स्वतः करून पाहावा.

स्पर्धेची शिस्तही सांगण्यासारखी आहे. कविता टोपणनावाने येते, खरे नाव बंद पाकिटात असते. परीक्षकांचे निवेदन मंचावर वाचले जाते, मग तुतारी वाजते आणि त्या टोपणनावाच्या कवीला उभे राहायला सांगतात. प्रकाशझोत हजारोंच्या गर्दीत त्याला शोधतो. विजयाची खबर त्याला आधीच मिळालेली असते, पण ती कोणाला सांगायची नाही असा दंडक आहे. त्याला मंचावर आणले की प्रमुख ड्रुइड तीनदा विचारतो, “आ ओइस हेदुख?” (शांती आहे का?). तलवार अर्धीच उपसली जाते, पूर्ण कधीच नाही. सभा तीनदा “हेदुख!” म्हणते आणि मगच कवी खुर्चीत बसतो. एकही रचना पात्र वाटली नाही, तर त्या वर्षी खुर्ची कोणालाही देत नाहीत. माझ्या मते हा नियम साऱ्या सोहळ्याचा कणा आहे. 1950 पासून मुख्य मंचावरचा सारा व्यवहार वेल्श भाषेतच चालतो.

1917 मध्ये बर्कनहेडला विजेत्याच्या टोपणनावाचा पुकारा झाला, तेव्हा कोणीच उभे राहिले नाही. हेद विन हा मेंढपाळ कवी पाच आठवड्यांपूर्वीच, 31 जुलैला, पहिल्या महायुद्धात फ्लँडर्सच्या रणांगणावर मारला गेला होता. खुर्चीवर काळे कापड घातले गेले.

तेव्हा पुढील ऑगस्टमध्ये छायाचित्राखाली 1792 हे साल द्यावे, आणि जागा असल्यास विजेत्या कवितेची एक ओळ देवनागरीत, जुळणारी व्यंजने ठळक करून छापावी.

आपला,
एक वाचक, पुणे