मुकी, झँडर, राफी आणि आता रोमन

चि. ओंकारास,
अनेक आशीर्वाद.

बोस्टनच्या आपल्या रेड सॉक्स या बेसबॉल संघाने राफाएल डेव्हर्सला, म्हणजे आपल्या राफीला, दुसऱ्या संघाला देऊन टाकलं, त्यावर परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, डेव्हर्स गेला ते बरंच झालं, नव्या पोरांना जागा मिळाली." मला ते अजिबात पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी मुकी बेट्सचं बघ. 2011 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या फेऱ्यांत, पाचव्या फेरीत घेतलेला मुलगा. रेड सॉक्सनेच त्याला घडवला. 2018 मध्ये तो एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला, संघाने 108 सामने जिंकले, वर्ल्ड सिरीज हे विजेतेपदही आपलं. आणि फेब्रुवारी 2020 मध्ये त्याला लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाला देऊन टाकलं, सोबत पिचर (चेंडू टाकणारा) डेव्हिड प्राइसलाही. बदल्यात आले व्हर्डुगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग. डाउन्सवर सगळी भिस्त होती. तो 2022 मध्ये मोजके सामने खेळला आणि त्याच वर्षी हातचा गेला. व्हर्डुगो पुढे चक्क आपल्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांकडे, न्यूयॉर्कच्या यांकीजकडे. राहिला एकटा वाँग. तिकडे मुकीने 12 वर्षांचा 36.5 कोटी डॉलरचा करार केला आणि 2020, 2024, 2025 अशा तीन वर्ल्ड सिरीज जिंकल्या.

झँडर बोगार्ट्स तर 2022 च्या डिसेंबरमध्ये करार संपल्यावर सॅन डिएगोच्या पाद्रेस संघाकडे गेला, बदल्यात एकही खेळाडू न मिळता. त्याबद्दल आणखी काय लिहू!

राफीचं मात्र मनाला लागलंय. ऑगस्ट 2017, यांकी स्टेडियम, नववी इनिंग, आपण एका धावेने मागे. समोर त्यांचा पिचर चॅपमन. ताशी 165 किलोमीटरचा चेंडू आणि 20 वर्षांच्या डावखुऱ्या पोराने तो डाव्या बाजूला थेट प्रेक्षकांत मारला. बरोबरी झाली, दहाव्या इनिंगमध्ये आपण जिंकलो. ते धाडस शिकवून येत नाही रे.

तू म्हणतोस, त्याने फर्स्ट बेसला उभं राहायला नकार दिला. दिला, खरं आहे. पण ब्रेगमनला घेतल्यावर राफीला थर्ड बेस ही त्याची नेहमीची जागा सोडायला लावलं, तू आता फक्त बॅटिंग कर म्हणून सांगितलं. 2025 च्या मे महिन्यात फर्स्ट बेसवरच्या कासासचा गुडघा गेल्यावर पुन्हा त्यालाच ग्लोव्ह घाल म्हणाले. माणूस दुखावणारच. तिथे संघाचे व्यवहार बघणाऱ्या ब्रेस्लोने त्याची समजूत काढायला हवी होती. त्याऐवजी 15 जूनला, यांकीजना तिन्ही सामन्यांत हरवल्याच्या संध्याकाळी, त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्सकडे पाठवून दिलं. मुख्य हेतू उरलेल्या कराराचे 25 कोटींहून अधिक डॉलर वाचवण्याचा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी नव्या मुलांच्या विरोधात नाही. वूस्टरला रेड सॉक्सच्या दुय्यम संघाच्या पोलर पार्क मैदानात आपणच तर ही पोरं पाहायला जायचो. रोमन अँथनी चेंडू सोडतो तेव्हा बघ, बॅट जराही हलत नाही. एकविसाव्या वर्षी इतकी नजर! ऑगस्टमध्ये त्याच्याशी 8 वर्षांचा 13 कोटी डॉलरचा करार केला, हे या मंडळींनी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम. पिचर क्रोशेला आणण्यासाठी टील, माँटगोमेरी, माइड्रॉथ, गोन्झालेझ असे चार होतकरू खेळाडू दिले, तेही मला मान्य. प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) यांकीजच्या घरात क्रोशेने 11 वेळा त्यांच्या फलंदाजांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलं, तो सामना आठव. होतकरू देऊन तयार खेळाडू आणावा. तयार खेळाडू देऊन होतकरू आणायचे, तर त्यातला एखादा उद्या मुकी झाला की त्यालाही विकणार का?

आता आउटफिल्डला (मैदानाच्या मागच्या भागात) ड्युरन, राफाएला, अब्रेऊ आणि अँथनी, चौघांची गर्दी आहे, आणि क्रोशेच्या जोडीला पिचर तर हवाच. माझ्या मते पिचरच्या बदल्यात ड्युरनला द्यावं. राफाएलासारखं सेंटर फील्ड सांभाळणारा दुसरा मिळायचा नाही, त्याला हात लावू नये. तू कोणाला देशील आणि का, ते नीट विचार करून कळव.

तिकडे जायंट्सचा सामना बघायला गेलास तर राफीची बॅटिंग आली की मला व्हिडिओ कॉल कर.

तुझे,
बाबा