बाबा, वाघबीळच्या आधी गिअर हलका करा

पुणे, 22 नोव्हेंबर

ती. आई-बाबा,
सा. न.

आधी सांगून टाकते. रविवार, 14 डिसेंबरच्या पन्हाळा राइडसाठी बाबांचं नाव मी घातलं आहे, पैसेही भरले आहेत. विचारून करायला हवं होतं, हे मान्य. पण विचारलं असतं तर तुम्ही "बघू" म्हणाला असता, आणि तुमचं "बघू" मला शाळेपासून ठाऊक आहे. दोन वर्षं तुम्ही रोज पहाटे रंकाळ्यापासून वीस-वीस किलोमीटर सायकल मारता आणि पुईखडीच्या चढापाशी आलात की परत फिरता. सपाटीवर वीस किलोमीटर जाणाऱ्या माणसाला पन्हाळा अवघड नाही. तो हळू आहे, एवढंच. आई, रागावायचं असेल तर माझ्यावर रागाव, त्यांना काही बोलू नकोस.

मी त्या दिवशी येऊ शकत नाही, याचं मला फार वाईट वाटतंय. म्हणून जे शेजारून चालवताना सांगितलं असतं ते सगळं लिहिते आहे. बाबा, चष्मा लावून दोनदा वाचा.

पहिलं काम सायकलचं. तुमच्या सायकलला मागे 14-28 चं फ्रीव्हील आहे, म्हणजे सर्वांत मोठी चकती 28 दात्यांची. पुढची लहान चकतीही 28 चीच. त्यामुळे सगळ्यात हलक्या गिअरमध्येसुद्धा पायडलची एक फेरी म्हणजे चाकाची एक पूर्ण फेरी, जवळजवळ 2.2 मीटर. घाटात ताशी साडेसहा किलोमीटरने चढायचं तर मिनिटाला पन्नासच फेऱ्या होतात, आणि प्रत्येक फेरीला गुडघा दाबून काढावा लागतो. पुईखडीला पाय भरून येतात ते यामुळे. त्यात तुमच्या ताकदीचा दोष नाही. म्हणून 14-34 चं फ्रीव्हील पाठवलं आहे. त्यावर तोच वेग साठ फेऱ्यांना येतो आणि प्रत्येक फेरीचा जोर जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी होतो. सोबत नवी चेन आहे. दुकानदार "जुनी चालेल" म्हणाला तरी ऐकू नका. मोठ्या चकतीला चेन जास्त लांब लागते; आखूड राहिली आणि चुकून पुढे मोठी, मागे मोठी अशी जोडी पडली, तर ताणाने डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, वाकतो. बसवून झाल्यावर सायकल स्टँडवर घेऊन सगळे गिअर त्याच्यासमोर फिरवून बघा. शेवटच्या चकतीवर चेन चाकाच्या तारांकडे पडत असेल तर डिरेलरची हद्द ठरवणारा लिमिट स्क्रू आवळून घ्या. ब्रेकचे रबरही बदला. त्यांवरच्या खाचा पुसल्या गेल्या आहेत, दिवाळीत पाहिलं मी.

सीट थोडी खाली आहे. टाच पायडलवर ठेवून पायडल तळाला नेलं की पाय सरळ व्हायला हवा. मग चालवताना पंजा ठेवला की गुडघ्यात थोडा बाक राहतो, तो बरोबर. सीट खाली असली की वाटीच्या पुढच्या बाजूला दुखतं. फार वर असली तर गुडघ्यामागे ओढ बसते आणि कंबर डावी-उजवी हलते. एकदम नको, अर्धा-अर्धा सेंटीमीटर वर घ्या. हवा टायरच्या कडेला छापलेल्या मर्यादेत ठेवा. तुमच्या 35 मिमीच्या टायरला साठ पीएसआयच्या आसपास पुरे.

आता चढ. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, पन्हाळा 977 वर. शिवाजी पुलावरून आंबेवाडी, केर्लीपर्यंत रस्ता जवळपास सपाटच आहे, म्हणजे उरलेला चारशे मीटरचा चढ त्यापुढे. तो आठ किलोमीटरांत वाटला गेला असं धरलं तर सरासरी पाच टक्के पडते: शंभर मीटर पुढे गेलं की पाच मीटर वर. आकडा एवढाच आहे, बाबा. साडेसहाच्या वेगाने सव्वा तास लागेल, आणि सव्वा तासच लागू द्या. वेळेची अट नाही, मी फोन करून विचारून घेतलं आहे.

बहुतेक जण घाटाच्या पहिल्या पाच मिनिटांत चुकतात. सपाटीचा जोम असतो, पुढचे पळतात, आपणही त्यांच्या चाकाला लागतो. पायांत जे साचतं ते मग चढ संपेपर्यंत जात नाही. म्हणून पहिला किलोमीटर मुद्दाम कंटाळा येईल इतका हळू घ्या. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय का, हे बघत राहा. दोन शब्दांवर थांबावं लागलं तर वेग जास्त आहे. घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर जाऊ नका: तुमची रक्तदाबाची गोळी नाडी वाढू देत नाही, त्यामुळे तो आकडा कमी दिसेल आणि दम मात्र लागलेला असेल. बोलण्याची खूण खरी.

गिअर चढ लागायच्या आधी बदलायचा. पायावर पूर्ण जोर असताना पुढची चेन लहान चकतीवर टाकायला गेलं की ती हमखास अडखळते नाहीतर निसटते, आणि घाबरगुंडी उडते ती तिथेच. चढ समोर दिसला की, वेग अजून आहे तोवर, पाय हलके ठेवून पुढचा गिअर लहानवर घ्या. मग मागचे एकेक करून मोठ्याकडे. शेवटची एक चकती राखून ठेवा. पुढे वळणावर चढ तीव्र झाला की हाताशी काहीतरी उरलं पाहिजे, मनालासुद्धा. चेन पडलीच तर डावीकडे उतरा, डिरेलर पुढे ढकलून चेन सैल करा, खालून लहान चकतीच्या दात्यांवर बसवा आणि पायडल हाताने उलटं फिरवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. टेंबलाईच्या टेकडीच्या पायथ्याला दोनदा मुद्दाम पाडून बसवून बघा, म्हणजे त्या दिवशी हात थरथरणार नाहीत.

हँडल घट्ट धरू नका. खांदे कानाकडे गेले की श्वास वरवरचा होतो. बोटं सैल, कोपर वाकलेले, नजर चार-पाच मीटर पुढे. वर गडाकडे बघायचं नाही. उभं राहून मारायची सवय नसेल तर बसूनच मारा, उभं राहिलं की दम लवकर लागतो. वळणावर आतली कड सगळ्यात उभी असते. म्हणून डावं वळण असेल तर अगदी कडेला चिकटू नका, हातभर जागा सोडा, पण आपली बाजूही सोडू नका.

आणि उतरून चालावंसं वाटलं तर चाला. ताशी पाचच्या खाली सायकल डुलायला लागते, तेव्हा चालणारा माणूस तेवढ्याच वेगाने जातो आणि जास्त सुरक्षित जातो. पुन्हा चढताना आडव्या सपाट तुकड्यावर, हलक्या गिअरमध्ये, एक पायडल वर ठेवून बसा. आधारगाडी सगळ्यांच्या मागे असते आणि शेवटच्या माणसासोबत एक स्वयंसेवक राहतो. शेवटी राहायची लाज वाटू देऊ नका. तरीही मागे पडायची धास्ती असेल तर एक युक्ती आहे: घाट लागायच्या आधी घोळक्याच्या पुढच्या भागात या. चढताना लोक ओलांडत गेले तरी तुम्ही घाटातल्या वाघबीळपर्यंत माणसांतच राहता.

घोळक्यात चालवायची तुम्हाला सवय नाही, त्याची मला चढापेक्षा जास्त काळजी आहे. पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आपलं पुढचं चाक कधीही न्यायचं नाही. तो जरा बाजूला सरला की चाकाला चाक लागतं आणि पडतो मागचा. एक सायकलभर अंतर ठेवा, चढावर दीड. पुढचा उभा राहून मारायला लागला की त्याची सायकल क्षणभर मागे येते, तेवढी जागा हवी. थांबायचं असेल तर आधी "थांबतोय" म्हणायचं, हात खाली करायचा, मग कडेला. अचानक ब्रेक नको.

डिसेंबर म्हणजे उसाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर पहाटेपासून रस्त्यावर असतात. भरलेल्या ट्रॉलीच्या मागे तिचा आडोसा मिळतो म्हणून कुणी गेलं तरी तुम्ही जायचं नाही. चढावर ट्रॅक्टर गिअर बदलताना ट्रॉली हातभर मागे येऊ शकते, वरून मोळी सुटते. पडलेल्या कांडक्यांवर चाक गेलं की सायकल साबणावरून गेल्यासारखी सरकते. त्यांवरून जावंच लागलं तर सरळ जा, ब्रेक दाबू नका. पंचगंगेपाशी धुकं असेल, मागचा लाल दिवा उजाडल्यावरही चालू ठेवा.

आई, आता तुझं काम. पाचला त्यांना अर्धी वाटी पोहे किंवा दोन केळी, बस. दूध नको. गंगावेशीचं असलं तरी नको, चढावर पोटात डचमळतं. रक्तदाबाची गोळी रोजच्या वेळेला, डॉक्टरांनी सांगितली तशीच. "आज राहू दे" हे चालणार नाही. खिशात शेंगदाणा-गुळाचे चार लहान लाडू आणि एक केळं. पाण्याच्या दोन बाटल्या, एक साधी, एक लिंबू-साखरेची. मीठ चिमूटभरच, रक्तदाब आहे. दर पंधरा मिनिटांनी दोन घोट, तासाला अर्धा लिटर. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही, आणि चढ लागल्यावर खायला सुरुवात करायची नाही. केर्लीला एक लाडू. मिसळ गडावरून आल्यावर. गडावर झुणका-भाकर आणि दही आहेच.

घाटात त्यांना फोन करू नकोस. एका हाताने फोन काढताना सायकल डगमगते. वर पोचले की तेच करतील. मावशी नऊला गाडी घेऊन येणार आहे, तू तिच्याबरोबर गडावर जा. गुडघ्याचा पट्टा आणि पातळ शाल घे. गिझरवाला शनिवारी संध्याकाळी येतोय, सिलिंडरही नोंदवला आहे, म्हणजे रविवारी घरी आल्यावर दोघांनाही गरम पाणी मिळेल.

ट्रेडमिलची तपासणी ठीक आली आहे आणि डॉक्टरांनी हळू चढायला हरकत नाही म्हटलं आहे. तरीही, छातीत दाब, जबड्यात किंवा हातात ओढ, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळा दम, यांतलं काहीही झालं तर त्याच जागी उतरायचं, बसायचं, माणूस बोलवायचं. "त्या वळणापर्यंत जाऊन बघू" नाही. मिरजेच्या वेळी तुम्ही असंच केलं होतं. त्यावर मी आजवर काही बोलले नाही, आजही एवढंच.

बुधवार पेठ ओलांडली की शेवटचा भाग उभा आहे. जुलै 2021 मध्ये खचलेला रस्ता नंतर बांधून काढला, तोच. राखून ठेवलेली चकती तिथे वापरा. मला शाळेला सोडताना दांडीवर टॉवेलची घडी ठेवून तुम्ही चढावर गुणगुणायचात, मला पाठीत तुमचा श्वास कळायचा, एकसारखा. तसाच श्वास ठेवा.

वर गेल्यावर लगेच बसू नका, पाच मिनिटं चाला. उतरायच्या आधी घामाच्या शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्राचे दोन पदर घाला, वारा लागत नाही. उतारावर दोन्ही ब्रेक एकत्र, दोन-तीन सेकंद दाबून सोडायचे. सतत धरून ठेवले तर रिम आणि रबर तापतात आणि पकड जाते. वळणाआधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेक नाही. बाहेरच्या बाजूचं पायडल खाली. वळणाच्या कडेला खडी असते. ताशी पंचवीसच्या वर जायचं नाही, बाकीचे कितीही गेले तरी.

सरावाला तीन आठवडे आहेत. पहिल्या दोन रविवारी टेंबलाई, आधी दोनदा, मग चारदा. मधल्या बुधवारी पुईखडीचा चढ, न थांबता नाही, पण परत न फिरता. शेवटच्या आठवड्यात फक्त रंकाळा.

तुमची,
चिमी

ता. क. नव्या फ्रीव्हीलवर पहिले दोन-तीन दिवस गिअर टकटक वाजेल. गिअरची तार नवी बसवली असेल तर ती ताणते. तिच्या टोकाची गोल नळी घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा फेरा फिरवा, आवाज जाईल. गेला नाही तर फोन करा, मी व्हिडिओवर बघते.