बोडीची पाळ बांधायला रविवारी सगळ्यांनी या

मंडळी, आपल्या बोडीची (धानाला पाणी देणाऱ्या छोट्या तळ्याची) पाळ, म्हणजे मातीचा बांध, फुटली आहे, ती बांधायला रविवारी सकाळी ७ वाजता बोडीवर जमायचं आहे, घमेलं फावडं आपापलं आणा, धुम्मस (माती ठोकायचं साधन) दोनच आहेत, कोणाकडे असेल तर सांगा. पाळ फुटली ती पाणी वरून गेल्यामुळे नव्हे, पाणी खेकड्यांच्या बिळातून झिरपत होतं आणि सांडवा (जादा पाणी बाहेर जायची वाट) गाळाने बुजलेला, त्यामुळे नुसतं भगदाड भरून भागणार नाही, सांडवाही त्याच दिवशी मोकळा करू.

आधी फुटलेल्या कडा खणून पायऱ्या करायच्या म्हणजे नवी माती जुनीला धरते, मग मधे चिकण काळी माती, दोन्ही अंगाला मुरूम, थर वीतभराचाच टाकायचा, पाणी शिंपून नीट ठोकायचा आणि मगच वरचा थर. ट्रॅक्टरने एकदम ढीग ओतू असं काहीजण म्हणतात, कृपा करून नको, अशी पाळ पहिल्याच पावसात खचते. मातीत मुळं, काडीकचरा नको, ते कुजलं की पाण्याला वाट मिळते. भंडारा-गोंदियातले मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव) मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळापासून मातीच्या पाळीवरच उभे आहेत, आपली बोडीही टिकेल, आणि धानाला शेवटचं पाणी तिचंच लागतं.

ज्यांना जमणार नाही त्यांनी शनिवारपर्यंत ग्रुपवर कळवा, मुरमाच्या ट्रॉल्या सांगायच्या आहेत.